रोवणीची रजा

रोवणीची रजा आधी मागता येत नाही. ती कोणत्या दिवशी लागेल, हे मलाच आदल्या संध्याकाळपर्यंत ठाऊक नसतं. जूनमध्ये टाकलेले पऱ्हे तीन-साडेतीन आठवड्यांचे झाले की रोवणीला आले. पण बांधीत चिखल करण्याइतकं पाणी हवं, ट्रॅक्टर मोकळा हवा, बाया मिळायला हव्यात. हे तिन्ही जुळलं की त्याच दिवशी कार्यालयात बैठक! थांबावं तर पऱ्हे जुने होतात आणि फुटवे कमी येतात.

आमच्या गावात, भरवेलीत, नोकरी सांभाळून शेती जमते ती पाळीवाल्यांना. मॉइलची भूमिगत मँगनीज खाण इथेच आहे. रात्रपाळी करून आलेला शेजारी चहा पिऊन सरळ धुऱ्यावर दिसतो, झोपतो दुपारी. त्याचे तारवटलेले डोळे बघूनही जुलैत मला त्याचा हेवा वाटतो. माझी बालाघाटातली नोकरी दिवसाचा सगळा उजेडच घेऊन जाते. पहाटे बांधीचं पाणी बघायचं, फुटलेला धुरा बुजवायचा आणि पाय धुऊन निघायचं, एवढंच माझ्या हाती.

मग शेत कोण करतं? बायको. खसऱ्यावर नाव माझं, एवढंच. रोवणी गुत्त्याने द्यायची की रोजाने, हे तीच ठरवते. गुत्त्यात काम झटपट उरकतं, पण रोपं विरळ लागतात, असं तिचं मत. म्हणून मोठी बांधी रोजानेच. मुलांचे डबे, सासऱ्यांच्या गोळ्या, बायांचा चहा, सगळं आठच्या आत. मी दुपारी फोनवर ‘किती झालं?’ विचारतो. ती म्हणते, ‘अहो, तुम्ही तिकडे सह्या करा.’

चिन्नोर लावायचा की नाही, हा वाद दरवर्षीचा. बालाघाटच्या चिन्नोरला 2021 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. वास घरभर सुटतो, पण वाण उंच आणि उशिराचं, वाऱ्यात लोळतं, उतारा कमी. नोकरदाराला लवकर निघणारं धान बरं. कापणीपर्यंत रजा संपलेल्या असतात. तरी एक लहान बांधी चिन्नोरची असतेच, घरी खायला आणि पाहुण्यांना.

बाकीचं धान सोसायटीत. तिथलं पंजीयन, बँकेचं खातं, कागद माझ्याकडे. काट्याजवळ मात्र बायकोच उभी राहते. पोती मोजायची सोडून मी ओळखीच्यांशी गप्पा मारतो, अशी तिची तक्रार आहे.