आधार द्या, पण हातचे काम काढून घेऊ नका

सत्तरी ओलांडलेल्या आजी मोरीत घसरतात, खुब्याचे हाड मोडते, शस्त्रक्रिया होते. त्यानंतर वॉर्डात दिसणारे चित्र बहुधा ठरलेले असते. सून घास भरवते, नात वेणी घालते, मुलगा ‘तू फक्त पडून राहा’ असे बजावतो. आजींचे दोन्ही हात मात्र धडधाकट असतात. यामागे माया असते, पण तिचा त्रास पुढे आजींनाच होतो.

अंथरुणाला खिळलेल्या वृद्धाचे स्नायू झपाट्याने झिजतात. छातीत कफ साठून न्यूमोनिया होतो, पायाच्या शिरेत रक्ताची गुठळी होते, माकडहाडावर आणि टाचांवर जखमा होतात. खुब्याच्या फ्रॅक्चरनंतर अनेकदा हेच जिवावर बेतते.

मग काळजी घ्यायची तरी किती? अमेरिकेतील परिचारिका डोरोथिया ओरेम यांनी १९७१ मधील आपल्या पुस्तकात याचे उत्तर मांडले. खाणे, स्वच्छता, हालचाल, विश्रांती या गोष्टी माणूस एरवी स्वतःच सांभाळतो. दुखापतीमुळे त्यात जेवढी तूट पडते, तेवढीच इतरांनी भरून काढावी, असा त्यांचा सिद्धान्त. मदतीच्या त्यांनी तीन पायऱ्या सांगितल्या.

पहिल्या पायरीवर सगळे दुसऱ्यानेच करायचे. शस्त्रक्रियेनंतर गुंगी असेपर्यंत कूस बदलणे, पाठ आणि टाचा तपासणे ही कामे परिचारिका करते. दुसऱ्या पायरीवर कामे वाटून घ्यायची. बहुतेक रुग्णांना दुसऱ्याच दिवशी आधाराने बसवता, उभे करता येते. दात घासणे, जेवणे, केस विंचरणे आजींनी करावे; उठताना हात इतरांनी द्यावा. तिसऱ्या पायरीवर फक्त शिकवायचे आणि धीर द्यायचा: वॉकर कसा धरावा, कोणती गोळी केव्हा घ्यावी, जखम कशी जपावी.

याचा अर्थ रुग्णाला वाऱ्यावर सोडणे असा नव्हे. पायावर किती भार द्यायचा हे डॉक्टरच ठरवतील. वेदनाशामक वेळेवर मिळाले नाही, तर आजी हालचाल टाळणारच. चक्कर येत असेल किंवा त्या असंबद्ध बोलू लागल्या, तर त्यांना एकट्याने उठू देऊ नये. लगेच परिचारिकेला सांगावे.

सरकारी रुग्णालयात एका परिचारिकेकडे अनेक खाटा असतात, त्यामुळे शुश्रूषेचा मोठा भाग नातेवाइकांवर येतो. त्यांनी रोज सकाळी रुग्णाला विचारावे, ‘आज यातले काय तुम्हाला जमेल?’ जे जमेल ते सावकाश करू द्यावे. वेळ लागला तरी चालेल.

घरी जाण्यापूर्वी शौचालयात धरायला दांडा आणि रात्री दिव्याची सोय करावी. पोटरी सुजणे, अचानक धाप लागणे, ताप किंवा जखमेतून स्राव येणे यांपैकी काहीही दिसले, तर पुढच्या तारखेची वाट न पाहता रुग्णालय गाठावे.