सुट्या पानांचं पुस्तक कसं होतं?

मराठी विकिस्रोत या मुक्त ऑनलाइन ग्रंथालयात स्कॅनवरून उतरवलेलं जुनं पुस्तक वाचताना प्रकरण सलग दिसतं. पडद्याआड मात्र त्याचं प्रत्येक छापील पान स्वतंत्र असतं: एकीकडे स्कॅन, शेजारी मजकूर. एकाने तपासलं की पान पिवळं, दुसऱ्याने पुन्हा तपासलं की हिरवं.

मग प्रकरण जुळतं कसं? हारातल्या दोऱ्यासारखं. प्रकरणाच्या पानावर मजकूर नसतोच. ‘अमुक पानापासून तमुक पानापर्यंत’ एवढीच सूचना असते. त्यानुसार संगणक पानं ओवतो. म्हणून मूळ पानावरची चूक सुधारली की प्रकरणातही सुधारते.

खरं कौशल्य सांध्यांवर लागतं. माथ्यावरचं पुस्तकाचं नाव, पृष्ठक्रमांक गाळायचे. पानाअखेर संयोगचिन्हाने तुटलेला शब्द मात्र पानं ओवताना संगणकच चिन्ह काढून जोडतो. नाहीतर ‘महा-’ एकीकडे आणि ‘राष्ट्र’ दुसरीकडे राहील!

पुस्तकाची पीडीएफ उतरवून घेताना अनुक्रमणिकेतल्या दुव्यांवरून प्रकरणं एकामागोमाग लागतात आणि ओळी, पानं कागदाच्या आकारानुसार नव्याने पडतात. अनुक्रमणिकेत दुवा द्यायचा राहिला, तर अख्खं प्रकरण गळू शकतं.

विकिस्रोतावर एखादं पिवळं पान दिसलं, तर स्कॅनशी ताडून जरूर हिरवं करा.