गोष्ट डॉक्टरची, आजार रुग्णाचा

क्षयाच्या गोळ्या दुसऱ्या महिन्यात सोडणारे रुग्ण ओपीडीत नेहमी भेटतात. खोकला थांबलेला असतो, मग सहा महिने कशाला? अर्धवट उपचारांनी जंतू औषधांना दाद देईनासे होतात, हे त्यांनी ऐकलेलं असतंच. ‘मलाही टीबी झाला होता, मीही कंटाळलो होतो,’ म्हटलं की मान वर होते. पण तिथंच थांबावं. २००७ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात डॉक्टरांनी सांगितलेल्या स्वतःच्या बहुतेक गोष्टी रुग्णाच्या उपयोगी ठरल्या नव्हत्या. माझंही एकदा तसंच झालं. मी आठवणींत रमलो, बाई मुकाट्यानं निघून गेल्या. रिफाम्पिसिननं लघवी लालसर होते, त्यात धोका नसतो. पण त्याच भीतीनं त्यांनी गोळ्या बंद केल्या होत्या, हे मला पुढं आशा सेविकेकडून कळलं.