हाताचा अंदाज आणि त्याची भूल

पेढीवर बसणाऱ्याला आपल्या हाताचा मोठा भरवसा असतो. डोळे मिटले तरी वस्तू किती मोठी, किती जाड हे हात अचूक सांगेल, अशी त्याची खात्री असते. परंतु हा हात मागच्या अनुभवाने फसतो.

जॉर्जियातील मानसशास्त्रज्ञ दिमित्री उझनाद्झे यांनी डोळे मिटलेल्या व्यक्तींच्या एका हातात मोठा व दुसऱ्या हातात लहान चेंडू पुन्हा पुन्हा दिला. नंतर दोन्ही हातांत समान चेंडू दिले, तेव्हा बहुतेकांना ते असमान वाटले. मोठ्याला सरावलेल्या हातातील चेंडू लहान भासला. अमेरिकेत जेम्स गिब्सन यांनी १९३३ मध्ये दाखवले, की न पाहता वक्र कडेवरून काही मिनिटे बोटे फिरवली, तर नंतर सरळ कडही उलट बाजूस वाकलेली वाटते.

दोष बोटांचा नव्हे. वारंवार आलेल्या अनुभवालाच मन प्रमाण मानते आणि नव्याचे माप त्यावरून ठरवते. फसणाऱ्याला ही भूल जाणवतही नाही. म्हणून एकाच प्रकारचा माल बराच वेळ हाताळल्यावर पुढच्या मालाचा निवाडा मापावर सोडावा. अन्यथा समोरच्याच्या खऱ्या मालाला आपण नकळत उणे लेखू.