पापण्यांची सूज

पापण्यांच्या त्वचेखालील सैल संयोजी ऊतकात द्रव साचल्यामुळे डोळ्यांभोवतीचा भाग फुगून येतो, या अवस्थेस पापण्यांची सूज किंवा पापण्यांचा शोफ म्हणतात. हा स्वतंत्र रोग नसून लक्षण आहे. अपुरी झोप, रडणे यांसारख्या क्षुल्लक कारणांपासून मूत्रपिंडाच्या गंभीर विकारापर्यंत अनेक अवस्थांत ते आढळते. त्यामुळे सूज उतरविण्याआधी तिचे कारण ठरविणे महत्त्वाचे असते.

पापणीची त्वचा ही शरीरातील सर्वांत पातळ त्वचा असून तिची जाडी 1 मिमी.पेक्षा कमी असते. तिच्याखाली वसेचा (चरबीचा) थर जवळजवळ नसतो आणि तेथील ऊतक इतके सैल असते की, थोडासा द्रवही चटकन साचून दिसू लागतो. उभ्या अवस्थेत गुरुत्वाकर्षणामुळे पायांकडे उतरणारा द्रव माणूस आडवा असताना चेहऱ्याकडेही पसरतो. त्यामुळे ही सूज सकाळी सर्वाधिक असते व उठल्यानंतर हळूहळू ओसरते.

कारणे : निरोगी व्यक्तींत अपुरी झोप, रात्रीचे खारट जेवण, मद्यपान, रडणे व डोळे चोळणे ही नेहमीची कारणे होत. पापड, लोणचे, फरसाण इ. पदार्थांतील अधिक मिठामुळे शरीरात पाणी धरून ठेवले जाते. वाढत्या वयात खालच्या पापणीतील पडदा सैल होऊन नेत्रकोटरातील (डोळ्याच्या खोबणीतील) वसा पुढे येते व डोळ्यांखाली पिशव्या दिसतात. त्या द्रवामुळे नसल्याने दिवसाअखेरही उतरत नाहीत.

अ‍ॅलर्जीमध्ये हिस्टामीन या द्रव्यामुळे केशवाहिन्यांतून द्रव पाझरतो आणि सुजेबरोबर खाज येते व पाणी गळते. मुंबईच्या विलेपार्ले, अंधेरी, बोरिवली यांसारख्या समुद्रालगतच्या उपनगरांत पावसाळ्यात हवा अतिशय दमट असते. अशा हवेत गाद्या-उशांतील धुळीत राहणारे सूक्ष्म कोळीवर्गीय जीव व भिंतींवरील बुरशी यांची वाढ होते, ती या विकारास पोषक ठरते. केसांचा कलप, काजळ व नखांना लावण्याचा रंग यांमुळेही पापण्या सुजतात. नखांचा रंग बोटांवाटे पापणीला लागतो. बोटांची त्वचा जाड असल्याने तेथे मात्र त्रास जाणवत नाही.

रांजणवाडीमुळे सूज एकाच पापणीवर व दुखरी असते. डोळे येण्याच्या साथीत पापण्या सुजतात व चिकटतात. अशा साथीचा एक रक्तस्रावी प्रकार 1969 मध्ये घाना देशात प्रथम आढळला व 1971 मध्ये मुंबईत पसरला. पापण्यांना अचानक सूज येऊन डोळ्याच्या पांढऱ्या भागात रक्ताचे डाग पडत. बहुतेक रुग्ण थोड्याच दिवसांत बरे झाले. परंतु काही थोड्यांच्या पायांत नंतर लुळेपणा आला. मुंबईतील तंत्रिकातज्ञ नोशीर वाडिया व त्यांचे सहकारी यांनी 1973 मध्ये या उपद्रवाचे वर्णन प्रसिद्ध केले.

सर्वांगीण रोगांपैकी मूत्रपिंडाचे विकार सर्वांत महत्त्वाचे आहेत. बालकांत, विशेषतः 2 ते 6 वर्षे या वयात, मूत्रपिंडातील गाळणीतून अल्ब्युमिन हे प्रथिन मूत्रावाटे निघून जाते. रक्तातील त्याचे प्रमाण घटल्याने द्रव ऊतकांत साचू लागतो. सकाळी सुजलेल्या पापण्या हेच पुष्कळदा याचे पहिले चिन्ह असते. दुपारपर्यंत सूज कमी होत असल्याने ती अ‍ॅलर्जीची किंवा डोळे आल्याची समजली जाते व निदानास विलंब होतो. पुढे पाय व पोट सुजते आणि मूत्रास फेस येतो. घसा किंवा त्वचेच्या जंतुसंसर्गानंतर काही आठवड्यांनी होणाऱ्या मूत्रपिंडशोथात सुजेबरोबर मूत्र लालसर वा काळपट होते व रक्तदाब वाढतो. अवटू ग्रंथीच्या विकारांतही पापण्या सुजतात.

शरीरांतर्गत रोगाचे चिन्ह म्हणून ही सूज प्राचीन वैद्यांनाही परिचित होती. सुश्रुतसंहितेत 76 नेत्ररोगांपैकी 21 पापण्यांचे सांगितले आहेत. शिवाय पांडुरोगाच्या पूर्वलक्षणांत माती खाण्याच्या इच्छेबरोबर डोळ्यांभोवतीच्या सुजेचाही समावेश केला आहे.

निदान : सूज एका डोळ्यास आहे की दोन्ही, दुखते की खाजते, सकाळीच असते की दिवसभर टिकते, यांवरून कारणाचा अंदाज येतो. दोन्ही पापण्या न दुखता, न खाजता सलग काही दिवस सुजत असल्यास मूत्रातील प्रथिन तपासणे आवश्यक असते. ही तपासणी सोपी व अल्पखर्चाची असून सार्वजनिक रुग्णालयांत, उदा., विलेपार्ले येथील महानगरपालिकेच्या कूपर रुग्णालयात, करून घेता येते.

उपचार : साध्या सुजेवर स्वच्छ कापडाची थंड पट्टी सु. 10 मिनिटे ठेवावी. थंडाव्याने केशवाहिन्या आकुंचित होऊन द्रव पाझरणे कमी होते. काकडीच्या कापांचा उपयोगही मुख्यतः त्यांच्या थंडपणामुळे होतो. पुरेशी झोप, किंचित उंच उशी आणि दिवसाला 5 ग्रॅ.पेक्षा कमी मीठ यांमुळे सूज टाळता येते. अ‍ॅलर्जीत कारण दूर करणे हाच मुख्य उपाय असून उशांचे अभ्रे गरम पाण्यात धुवावेत. रांजणवाडीस कोमट शेक द्यावा. ती पिळू नये. वसेच्या पिशव्यांवर शस्त्रक्रिया हाच टिकाऊ इलाज आहे. बालकांतील अल्ब्युमिनच्या ऱ्हासावर स्टेरॉइड औषधे देतात व बहुसंख्य बालकांत ती गुणकारी ठरतात. तथापि स्टेरॉइडयुक्त थेंब वैद्याच्या सल्ल्याविना डोळ्यांत दीर्घकाळ घातल्यास काचबिंदू व मोतीबिंदू होण्याचा धोका असतो.

सुजेबरोबर ताप, डोळा पुढे येणे, बुबुळ फिरविताना वेदना किंवा दृष्टी मंदावणे ही लक्षणे असल्यास नेत्रकोटरात जंतुसंसर्ग झाल्याची शक्यता असते. ओठ व जीभ सुजून श्वास अडखळल्यास ती तीव्र अ‍ॅलर्जी समजावी. या दोन्ही प्रसंगी घरगुती उपायांत वेळ न दवडता रुग्णास तत्काळ रुग्णालयात न्यावे.