वापरलेली पुंगळी पुन्हा वापरताना: पितळ काय काय लक्षात ठेवतं?

समजा, तुमच्यासमोर काडतुसाच्या दोन रिकाम्या पितळी पुंगळ्या आहेत. एकाच कारखान्यातल्या, एकाच बॅचच्या. एक फक्त एकदा वापरलेली, दुसरी सहा वेळा. दोन्ही घासूनपुसून लख्ख केल्या, कॅलिपरने मोजल्या, मापं तंतोतंत सारखी आली. मग या दोन पुंगळ्या सारख्याच म्हणायच्या का?

उत्तर ‘नाही’ असं आहे, आणि मटेरियल्समध्ये संशोधन करू पाहणाऱ्याने हे उत्तर नीट समजून घ्यायला हवं. माप सारखं असलं तरी धातूचा इतिहास वेगळा असतो.

आधी पार्श्वभूमी सांगते. अमेरिकेत अचूक नेमबाजी करणारे बरेच हौशी लोक स्वतःची काडतुसं स्वतः भरतात. गोळी, दारू आणि प्रायमर एकदाच वापरता येतात. पुंगळी मात्र पुन्हा वापरता येते. (आपल्याकडे 1959 च्या शस्त्र कायद्यानुसार परवान्याशिवाय दारूगोळा बनवणं हा गुन्हा आहे. त्यामुळे आपण इथे फक्त धातूशास्त्र बघणार आहोत, कृती नाही.)

पुंगळीचं पितळ म्हणजे 70 टक्के तांबं आणि 30 टक्के जस्त. हेच प्रमाण का? कारण हे मिश्रधातू प्रचंड ताणलं जातं. जाड चकतीपासून खोल, पातळ नळी ओढून काढली तरी फाटत नाही. गोळी सुटते तेव्हा आतला दाब 400 मेगापास्कलच्या आसपास जाऊ शकतो, म्हणजे वातावरणाच्या दाबाच्या जवळपास 4000 पट. त्या दाबाने पुंगळी फुगते, बंदुकीच्या चेंबरला घट्ट चिकटते आणि गॅस मागे येऊ देत नाही. दाब उतरला की ती जराशी आकसते, म्हणून सहज बाहेर निघते. फुगणं आणि आकसणं, दोन्ही हवं. नुसतं मऊ पितळ चालत नाही आणि नुसतं कडकही चालत नाही.

आता गंमत बघा. फुगलेली पुंगळी पुन्हा वापरायची तर साच्यात दाबून मूळ मापावर आणावी लागते. म्हणजे दर फेरीत एकदा फुगवणं, एकदा दाबणं, आणि तेही थंड अवस्थेत. धातूच्या स्फटिकांत डिस्लोकेशन नावाचे दोष असतात. ते सरकतात म्हणून धातू वाकतो. पण वाकवता वाकवता हे दोष वाढतात, एकमेकांत अडकतात आणि पुढचं सरकणं अवघड होतं. यालाच वर्क हार्डनिंग म्हणतात. पूर्ण मऊ केलेल्या या पितळाची विकर्स कठीणता साधारण 60-70 असते. थंड अवस्थेत भरपूर काम झालं की ती 150 च्या वर जाते.

पुण्याच्या तांबट आळीतल्या कारागिरांना हे पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे. तांब्याचं भांडं ठोकत गेलं की कडक होतं, मग ते तापवून मऊ करायचं आणि पुन्हा ठोकायचं. तापवल्यावर नवे, ताणरहित स्फटिक तयार होतात. हे रिक्रिस्टलायझेशन, आणि या तापवण्याला म्हणायचं ॲनीलिंग.

मग पूर्ण पुंगळीच तापवली तर? तिथेच धोका आहे. गोळीला धरून ठेवणारी मान मऊ हवी, कारण ती कडक झाली की चिरते, आणि प्रत्येक पुंगळीची पकड वेगवेगळी झाली की गोळ्यांचा वेगही कमीजास्त होऊ लागतो. लांबच्या लक्ष्यावर हा फरक उभ्या रेषेत पसरलेल्या छिद्रांच्या रूपात दिसतो. पण बूड कडकच राहायला हवं. ते मऊ झालं तर दाब पेलवत नाही आणि तप्त गॅस नेमबाजाच्या तोंडाच्या दिशेने येऊ शकतो. म्हणून ॲनीलिंग फक्त मान आणि खांद्यापुरतं करतात. आणि तेही बेताने, कारण जास्त तापवलं तर स्फटिक फार मोठे होतात आणि ताकद घटते.

दुसरी गोष्ट भारतातली आहे. ब्रिटिश लष्कराची काडतुसं इथे पावसाळ्यात साठवणीत असतानाच चिरत असत, एकदाही न वापरता! वरवर बघता दोष दमट हवेचा वाटतो. 1921 मध्ये मूर, बेकिन्सेल आणि मॅलिन्सन यांनी खरं कारण मांडलं. पुंगळ्या ओढून बनवताना पितळात ताण उरलेला असायचा, आणि हवेत अमोनिया असायचा. साठवण तबेल्यांत किंवा त्यांच्या आसपास, आणि अमोनिया घोड्यांच्या मुतातला. उरलेला ताण, अमोनिया आणि ओल एकत्र आले की पितळ चिरतं. उपायही त्यातूनच निघाला: साधारण 250 ते 300 अंश सेल्सिअसला तापवून ताण घालवायचा, म्हणजे कडकपणा फारसा जात नाही, आणि अमोनियापासून लांब ठेवायचं. आजही पुंगळ्या अमोनिया असलेल्या पॉलिशने साफ करू नयेत असं सांगतात ते यामुळेच.

बघा, ‘पावसाळ्यात चिरतात’ हे निरीक्षण खरं होतं. पण ऋतूला कारण मानून थांबलो असतो तर उपाय सापडला नसता.

आता तुमच्या कामाचं. कुणी म्हणालं, ‘ॲनील केलं आणि अचूकता वाढली’, तर काय विचाराल? एक, तुलनेतल्या सगळ्या पुंगळ्या एकाच बॅचच्या आणि तितक्याच वेळा वापरलेल्या होत्या का? दोन, किती गोळ्या झाडल्या? तीन-तीन गोळ्यांच्या गटांत निव्वळ योगायोगानेही मोठा फरक दिसतो. तीन, क्रम कसा होता? आधी सगळ्या साध्या आणि मग सगळ्या ॲनील केलेल्या झाडल्या, तर मधल्या काळात नळी तापली, काजळी साचली. फरक नेमका कशाचा, ते कळणारच नाही. क्रम चिठ्ठ्या टाकून ठरवायला हवा.

याचा सराव घरीही करता येतो. साल काढलेल्या जाड तांब्याच्या तारेचे सारख्या लांबीचे वीस तुकडे घ्या. सगळे सारखेच दहा वेळा वाकवा. मग चिठ्ठ्या टाकून दहा निवडा, पकडीत धरून गॅसवर मंद लाल होईपर्यंत तापवा आणि गार होऊ द्या. आता प्रत्येक तुकडा तुटेपर्यंत किती वेळा वाकतो ते मोजा. मोजणाऱ्याला कुठला तुकडा कुठल्या गटातला हे सांगू नका (तापवलेला काळपट दिसतो, म्हणून आधी सगळे चिंचेने घासून घ्या). सरासरीसोबत प्रत्येक गटातला पसाराही लिहून ठेवा. दोन गटांतला फरक खरा आहे की योगायोग, हे त्या पसाऱ्याशी ताडून बघितल्यावरच ठरवता येईल.