बसऱ्याला गेलेल्याचे पान

मेडनहेड (इंग्लंड), नोव्हेंबर

इथे नोव्हेंबर लागला की लोकांच्या कोटांवर रानखसखशीची कागदी लाल फुले दिसू लागतात. महिन्याच्या दुसऱ्या रविवारी गावागावांतल्या युद्धस्मारकापाशी माणसे जमतात. अकरा वाजता दोन मिनिटे सारे स्तब्ध उभे राहतात. पुष्कळ ठिकाणी दगडावर कोरलेली नावे मोठ्याने वाचतात आणि ऐकणाऱ्यांत त्याच आडनावाची माणसे उभी असतात. पहिल्या महायुद्धातून ज्यांची सगळी मुले परत आली, अशी गावे इतकी थोडी की त्यांना 'थँकफुल व्हिलेज' असे वेगळे नावच पडले आहे.

घराण्याचा शोध घेणे हा इथला घरोघरचा छंद आहे. 1921 ची जनगणना शंभर वर्षांनी, जानेवारी 2022 मध्ये खुली झाली, तेव्हा लोकांनी पणजोबांची घरे त्यात शोधली. पहिल्या महायुद्धातल्या सैनिकांच्या सेवापुस्तकांपैकी निम्म्याहून अधिक 1940 च्या बाँबहल्ल्यात जळाली. उरलेल्यांच्या करपलेल्या पानांवरूनही नातवंडे माग काढतात. हा चिवटपणा मला मनापासून आवडतो.

हे सारे रत्नागिरीकरांना लिहिण्याचे कारण असे की, या कागदांत आपलीही माणसे आहेत. युद्धात पडलेल्यांच्या कबरी आणि नावे सांभाळणाऱ्या कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्ह्ज कमिशनची कचेरी याच गावात आहे. त्यांची नोंदवही घरबसल्या, फुकट पाहता येते. हिंदी शिपायाच्या नोंदीत पुष्कळदा बापाचे नाव, गाव, तालुका असतो आणि शेवटी 'रत्नागिरी, मुंबई'.

आमच्या घरी सर्वपित्रीला एक पान जास्तीचे ठेवतात. ते पणजोबांच्या धाकट्या भावाचे. "तो बसऱ्याला गेला," एवढेच आजी सांगायची. तिथी ठाऊक नाही, म्हणून सर्वपित्री.

त्याला शोधायला मला दोन हिवाळे लागले. आडनाव लिहिलेलेच नव्हते. गावाचे नाव इंग्रज कारकुनाला ऐकू आले तसे उतरलेले. एक नोंद जुळते आहेसे वाटले, पण बापाचे नाव भलतेच. शेवटी काकांना फोन केला. नाव ऐकल्याबरोबर ते म्हणाले, "अरे, हेच की! माझ्या पणज्यांना, त्याच्या बापाला, घरात याच नावाने हाक मारायचे. कागदावरचं नाव वेगळं." हे जगातल्या कुठल्याही दप्तरात सापडले नसते. काका पंचाऐंशीचे आहेत. मी आणखी पाच वर्षांनी विचारले असते तर?

पलटण 110 वी मराठा. तारीख 22 नोव्हेंबर 1915. त्या दिवशी बगदादच्या अलीकडे टेसिफॉनला तुर्कांशी लढाई झाली. इंग्रज जनरल टाउनशेंडच्या सहाव्या पुणे डिव्हिजनमध्ये 103, 110 आणि 117 या तिन्ही मराठा पलटणी होत्या. फौज मागे हटून कूत गावात तुर्कांच्या वेढ्यात अडकली आणि 29 एप्रिल 1916 रोजी उपाशीपोटी शरण गेली. त्यानंतर कैदेत कित्येक गेले. आमचा माणूस तिथवर पोचलाच नव्हता.

त्याची कबर नाही. बसऱ्याच्या स्मारकावर अशा चाळीस हजारांहून अधिक जणांची आठवण आहे. पण तिथे गोऱ्या शिपायांची नावे कोरली आणि हिंदी शिपायांचे पलटणीगणिक नुसते आकडे. नावे वहीत राहिली. सद्दामच्या काळात, 1997 मध्ये, ते स्मारकही गोदीतून उचलून दूर वाळवंटात नेले. खुद्द कमिशनच्याच 2021 च्या अहवालाने मान्य केले की मुख्यतः आफ्रिका आणि मध्यपूर्वेतले किमान 1 लाख 16 हजार मृत, कदाचित साडेतीन लाखही, नावाने स्मरलेच गेले नाहीत. हा अन्याय आहे, आणि तो इतक्या उशिरा कबूल झाला याचा मला राग येतो.

ज्यांचे आजे-पणजे पलटणीत नव्हे तर आगबोटीवर खलाशी होते, त्यांनी मुंबईत मशीद बंदरच्या इंडियन सेलर्स होममध्ये जावे. पहिल्या युद्धात समुद्रावर गेलेल्या दोन हजारांहून अधिक खलाशांचे स्मारक तिथे आहे. जाण्यापूर्वी घरातल्या म्हाताऱ्यांकडून जुनी नावे, वाडीचे नाव, टोपणनावे लिहून घ्यावीत. त्यांच्याविना वहीतली नोंद आपली की परक्याची, कळत नाही.

मी काकांना तारीख सांगितली. त्यांनी कोणाकडून तरी जुने पंचांग पाहून घेतले. तो दिवस त्रिपुरी पौर्णिमेला लागूनच निघाला. टेसिफॉनवर फौज चालून गेली, तेव्हा आपल्याकडे देवळांच्या दीपमाळा पेटल्या असणार.

"शस्त्राने गेलेल्याचं चतुर्दशीला करायचं असतं," काका म्हणाले. "आम्ही शंभर वर्षं चुकीच्या दिवशी पान वाढलं रे." त्यांचा आवाज कापरा झाला होता. पुढच्या भाद्रपदात म्हाळ चतुर्दशीला घालायचे ठरले आहे. तोवर थांबवेना म्हणून यंदाच्या त्रिपुरीला ते काठी टेकत देवळात गेले आणि दीपमाळेपाशी त्याच्या नावाने एक पणती ठेवून आले.